बकऱ्याच्या कातड्याचा बाजा

बाथरूमचं दार तिनं उघडलं आणि तसंच पुन्हा लावून घेतलं. बादलीत बकरा होता. म्हणजे बकऱ्यातून बकरा काढून घेतल्यावर जे उरतं ते होतं: मिठाच्या पाण्यात फुगलेलं अख्खं कातडं, चार पायांची चार खुंटं वर काढून बसलेलं.

"दादा!"

"हात नको लावूस, चिमे," स्वयंपाकघरातून भावाचा आवाज आला. "मुरतंय ते."

"आणि मी आंघोळ कुठं करू?"

"बादलीच तर आहे. जरा सरकव की."

तिनं सरकवली नाही. त्या दिवशी ती बिनआंघोळीचीच कामाला बसली, आणि बावन्न वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

काम घरातच होतं. मागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे, ती त्यावरून साचे ओतायची, मेणात दात बसवायची, घासूनपुसून चकचकीत करायची. दिवसभर परक्यांच्या तोंडाशी खेळणाऱ्या बाईला किळस कसली, असं लोकांना वाटायचं. खरं तर उलटंच होतं. किळस होती म्हणूनच हातमोजे होते, तीनदा उकळलेलं पाणी होतं, प्रत्येक ठशाला वेगळा डबा होता. घरात वास म्हणून नव्हता. वहिनी गेल्यावर दादा राहायला आला आणि सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला.

दादानं जन्मभर कारखान्यात पाइप जोडले होते. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते. कुठल्याशा जत्रेत त्यानं एक म्हातारा पाहिला, काखेत कातडी पिशवी दाबून वाजवणारा. पिशवीला दोन नळ्या, एकमेकींना चिकटवून बांधलेल्या. एकच बोट दोन्हींची भोकं झाकायचं. "बॅगपाइप गं, पण गावठी," दादा म्हणाला होता. तेव्हापासून डोक्यात तेच.

कातडं आठवडाभर मुरलं. मग त्यानं ते गॅलरीत पसरलं आणि बोथट सुरीनं आतला चिकट थर खरवडायला घेतला. ते पापुद्रे वर्तमानपत्रावर पडायचे आणि वर्तमानपत्राला चिकटायचे. कातरून आखूड केलेले केस गटाराच्या जाळीत अडकले, पाणी तुंबलं, ते केस बोटांनी उपसायची वेळ अर्थातच तिच्यावर आली. उपसता उपसता तिला दोनदा उमळून आलं. तिसऱ्यांदा तिनं नाक दाबून धरलं आणि भावाला जे काही बोलली ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

"झालं की आता," दादा म्हणाला. "कातडं उलटं केलं की केस आतल्या बाजूला जातात. दिसणारसुद्धा नाहीत."

"आत? तू तोंडानं हवा भरणार, आणि आत केस?"

"मऊ असतात गं."

मानेच्या भोकात त्यानं दोन नळ्यांचं जोडकाम बसवलं, एका पुढच्या पायात फुंकायची नळी आणि तिच्यात हवा परत येऊ नये म्हणून रबराची झडप, बाकीची तोंडं दोऱ्यानं आवळून टाकली. नळ्या वायरिंगच्या प्लॅस्टिकच्या होत्या, त्यांच्या तोंडाशी सूर काढणाऱ्या बोरूच्या जिभल्या. हे काम मात्र त्यानं इतकं नेटकं केलं होतं की तिला कबूल करावं लागलं. मनात. तोंडानं नाही.

मग तो वाजवायला बसला. आवाज आला तो असा, की पत्र्यावर कोणी करवत ओढतंय आणि शेजारी दुसरा तेच करतोय, पण किंचित मागेपुढे. दोन्ही नळ्यांचे सूर अगदी जवळ येऊन एकमेकांवर खेकसत होते.

"जुळलेत ना?" दादानं विचारलं.

कारखान्यानं त्याचे कान खाल्ले होते, हे तिला माहीत होतं. तो दिवसातून चार तास वाजवायचा आणि दर वेळी विचारायचा, जुळलेत ना? पिशवी घामेजायची. आतली थुंकी नळ्यांवाटे थेंबाथेंबानं फरशीवर उतरायची, आणि त्या थेंबांनाही बकऱ्याचा वास असायचा. तिनं फडकं वेगळं ठेवलं. मग फडकी वेगळी ठेवली.

दहाव्या दिवशी तिचा बांध फुटला. वासानं नाही, आवाजानं. हातातलं काम टाकून ती बाहेर आली, हातमोजे चढवले आणि नळ्या ओढून घेतल्या.

"हे तिसरं भोक चढं वाजतंय. आणि हे दुसऱ्या नळीतलं उतरलंय. ऐकू येत नाही तुला?"

"नाही येत," दादा म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला.

तिनं दात बसवायचं गुलाबी मेण आणलं, भोकाच्या वरच्या कडेला तांदळाएवढं लावलं. दुसरं भोक बारीक कानशीनं घासलं. दादा फुंकायचा, ती ऐकायची, थोडं खरवडायची, पुन्हा फुंक म्हणायची. हातमोज्यांवर त्याची लाळ ओघळत होती. तिच्या कपाळावरच्या आठ्या तसूभर हलल्या नाहीत. पण संध्याकाळपर्यंत पाचही भोकांवर दोन नळ्या एका आवाजात बोलायला लागल्या.

त्याच आनंदात दादानं कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या मेळाव्यात वाजवायचं कबूल करून टाकलं. आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी पेच पडला. इतके दिवस फुंकून फुंकून त्याची वरची कवळी सैल झाली होती, जोर लावला की सुटायची. कवळी तिनंच केलेली. जेवायला उत्तम, बोलायला उत्तम, फुंकण्याचा विचार कोणी केला होता? कवळी काढून फुंकलं तर ओठ आत जायचे आणि हवा दोन्ही बाजूंनी सटकायची. शेवटी कवळी उडून फरशीवर पडली.

दादा खाली वाकला, कवळी उचलली आणि हातातच धरून बसला.

"तू फुंकशील?" तो म्हणाला. "मी दाबतो, बोटं चालवतो. तू नुसती हवा भर."

"मी?" "त्या नळीला तोंड लावू? गेले पंधरा दिवस तू चोखतोयस तिला!"

"हो, ते आहेच," तो म्हणाला. मग कवळी हातात फिरवत म्हणाला, "तुझी वहिनी गेल्यापासून घर एकदम गप्प होतं गं. या बाज्याचं कसंय, श्वास घ्यायला थांबलं तरी सूर तुटत नाही. पिशवीत शिल्लक असते हवा. म्हणून केला."

ती उठली. नळी उकळली, जंतुनाशकानं धुतली, पुन्हा उकळली. डोळे मिटले आणि तोंडाला लावली. पहिली फुंक गेली. दुसरी भरताना श्वासाला थांबली, तर आतला झडपेचा रबर नीट बसत नव्हता. पिशवीतली कोंदट, केसाळ, खारट हवा उलटी येऊन थेट घशात शिरली. ती बेसिनपर्यंत धावली. सकाळचा चहा बाहेर आला.

"राहू दे, चिमे," दादा मागून म्हणाला. "मी कळवतो त्यांना, जमत नाही म्हणून."

"गप्प बस," ती चूळ भरत म्हणाली. "झडप कसली बसवलीयस? पाइपफिटर म्हणवतोस!"

दुपारभर बसून तिनं कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकची नवी फुंकणी ओतली, फक्त स्वतःच्या तोंडाच्या मापाची, आत पातळ रबराची घट्ट झडप. ती तिनं वेगळ्या डब्यात ठेवली आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दादानं हात लावू नये.

मेळाव्यात साठेक म्हातारी माणसं होती. दादा खुर्चीवर, काखेत बकरा. ती शेजारी उभी, मान वाकडी करून फुंकत. दोन्ही नळ्या एकदम बोलल्या आणि हॉल भरून गेला. बरेच जण एका कानानं बहिरे होते, त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. दादाचे डोळे भरले होते, पण बोटं चुकत नव्हती. तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी नळीच्या टोकातून एक कोमट थेंब तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. तिनं पाय झटकला. फुंकणं थांबवलं नाही.

कोणीतरी फोटो काढला. त्यात दादा हसतोय, आणि तिचं तोंड असं झालंय की कोणी जबरदस्तीनं काढा पाजलाय. आता महिन्यातून दोनदा कुठूनतरी बोलावणं येतं आणि ती जाते. परत आल्यावर पायांवर सोसवेल तेवढं कढत पाणी घेते. कातडं गॅलरीत टांगायचं, घरात आणायचं नाही, यावरून त्यांचं भांडण अजून चालूच आहे.