मागचं तोंड

आमच्या गावात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला दोन तोंडं असतात. एक देवानं दिलेलं, दुसरं वनखात्यानं! दुसरं प्लॅस्टिकचं, गुलाबी गालांचं, कायम हसणारं. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचं. वाघ पाठीमागून येतो ना. तोंड दिसलं की बिचकतो.

आईचा मुखवटा कधीच फुटलेला; आमच्या घरी उरलेला एकच, तो मुळात सुकरीकाकीचा. मागच्या वर्षी ऊन लागतं म्हणून काकीनं तो फिरवून पुढं घेतला, आणि तेवढ्यात वाघ आला. काकी गेली. मुखवट्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याला कोणी हात लावेना, म्हणून मीच उचलला. मी म्हणजे चंचल, नववीतली, बॉक्सिंगवाली!

सकाळी जंगलाच्या वाटेनं धावताना मी तो बांधायची. कधीकधी मानेवर कोमट लागायचं, आतून कोणी श्वास सोडल्यासारखं. घाम असेल, म्हणायची नि पळायची.

वडशाच्या स्पर्धेआधी बाबांनी सांगून टाकलं, "जाय. पण हारली त बॉक्सिंग बंद. मंग आईसंग मोहा वेच."

आणि समोर कोण, तर चंद्रपूरची शिरीन! आजवर एकदाही न हरलेली. मला शिकवतात ते नूर मोहम्मदचाचा, गादीवाले. आमची पंचिंग बॅगसुद्धा जुन्या गाद्यांच्या कापसाची. ते म्हणाले, "बेटा, तू फक्त उभी राह्य."

"चाचा, तुमी माह्या बाजूचे हाव का तिच्या?"

निघताना मुखवटा मी पिशवीत टाकला, शकुन म्हणून. आईनं माझा हात धरला. "आज मोहाले मी एकटीच जाऊन राह्यली व." मग मीच तो तिच्या डोक्यामागं घट्ट बांधला.

वडशाला रिंग नाटकाच्या मंडपात होती. मागं राजवाड्याचा रंगवलेला पडदा, कनातीतून झिरपणारं पिवळं ऊन. शिरीन हसली. "लवकरच घरी धाडतो तुले."

खरं सांगते, पहिल्या फेरीत ती मला धुऊन काढत होती. दुसरीत माझा पाय घसरला, मी गर्रकन फिरले, आणि तिचा उजवा हात सरळ माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूवर आला. त्याच क्षणी स्टेशनात गाडीनं लांब शिटी दिली, पार आमच्या जंगलापर्यंत ऐकू जाते तशी.

मला काहीच लागलं नाही. काहीच!

डोक्यामागं मारायचं नसतं, म्हणून पंचांनी शिरीनला ताकीद दिली. पण ती ऐकतच नव्हती. आधी स्वतःच्या ग्लोव्हकडे बघत राहिली, मग माझ्या खांद्यावरून मागं. हात खाली आले तिचे. मी मारलं. पुन्हा मारलं. ती बसली, ती उठलीच नाही. मंडपात टाळी वाजायलासुद्धा वेळ लागला.

नंतर ती पाण्याची बाटली घट्ट धरून माझ्याजवळ आली. "तुह्या मागं कोन होती?"

"कोनीच नाई."

"गुलाबी गालाची. मी मारलं त तिले लागलं. तरी हसून राह्यली होती."

चाचा जिंकलो म्हणून नाचत होते. माझ्या हातातलं मेडल गार पडलं.

घरी आई ओट्यावर बसली होती, मोहाची टोपली रिकामी. "झाडाखाली वाकली होती. गाडीची शिटी वाजली अन् मागं टक्कन आवाज झाला. कोनं मारलं म्हनून वळून पाह्यतो, त वाघ! एवढ्याशावर. मी वरडली, मंग गेला."

मुखवटा तिच्या मांडीवर होता. गुलाबी गालावर मुठीएवढा खड्डा, तडे चहूकडे गेलेले. हसू मात्र तसंच.

बाबा दारात उभे. म्हणाले, "पुढच्या स्पर्धेले हा संगं ने."

"नाई," मी म्हटलं. "तो आईजवळच राहीन. माह्यं डोकं मी सांभाळतो."

आता चाचा मला बचाव शिकवून राहिलेत, नि मी मनापासून शिकते. सकाळी धावताना मागं काहीच बांधलेलं नसतं.

तरी मानेवर कोमट लागतं.