दोन बोटांची विद्या

बायको कौशल्याबाई गेल्याचं कळलं त्या दिवशी यशवंता पिंपरीच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या रचत होता. एकोणीसशे सत्तावन्न साल, शनिवार, चाकणच्या बाजाराचा दिवस. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच त्याला गेटवर बोलावणं आलं. बाहेर धाकटा भाऊ चिमाजी सायकल धरून उभा होता, घामानं निथळत. त्यानं सायकलचं तोंड चाकणच्या दिशेला वळवलं आणि म्हणाला, "दादा, मागं बस."

मोशीची नदी ओलांडल्यावर तो बोलला, मान न वळवता. ओढ्याच्या वाटेवर चोरट्यानं वहिनीला अडवलं. गळ्यातली बोरमाळ मागितली. त्याच्याकडं कोयता होता.

यशवंतानं विचारलं, "हाय का?"

चिमाजी नुसता पायडल मारत राहिला.

चाकणच्या दवाखान्यात कुसुमताई नावाच्या नर्सबाई होत्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी कौशल्याबाईंना धुऊन पुसून पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं. मानेवरचा घाव त्यांनी झाकलेलाच ठेवला. पण उजवा हात बाहेर काढून यशवंताला दाखवला. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून चिरलेली होती. बाकी हाताला ओरखडासुद्धा नव्हता.

"कोयता अंगावर आला की माणूस हात आडवा धरतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जखमा तळहातावर होतात, मनगटावर होतात. मी बऱ्याच पाहिल्यात. यांनी दोन बोटं सरळ पुढे केली होती. का केली असतील, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

यशवंताला ठाऊक होतं. तो म्हणाला, "न्हाई."

ही गोष्ट नीट समजायला चार महिने मागं जायला हवं.

पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, तशी यशवंताच्या खांडेवाडीतली बरीच तरणी माणसं तिकडं कामाला लागली. पहाटे सायकली निघायच्या त्या दिवस मावळल्यावर परत यायच्या. दिवसभर वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. चाकणच्या बाजाराला कांदा, भाजी, अंडी न्यायची ती बायकांनीच. त्यातच ओढ्याच्या वाटेवर दोनदा बायकांना लुटलं. पुरुषांच्या मनाला ते लागलं, पण शिफ्ट सोडून बायकोच्या मागं कोण जाणार? अशा वेळी बायकांना बचावाची विद्या शिकवतो म्हणत ज्योतीराम वस्ताद वाडीत आला. खरं सांगायचं तर बायकांपेक्षा पुरुषांनाच तो जास्त हवा होता.

मारुतीच्या देवळापुढचं पटांगण त्या दिवशी माणसांनी गच्च भरलं. पोरं लिंबाच्या झाडावर, बायका कट्ट्याच्या आडोशाला. मधोमध वस्ताद. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळाला भस्म आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला शंका काढायला फट सापडू नये. माणसाच्या अंगात एकशेसात मर्मं असतात, म्हणे. ती वैद्यांना ठाऊक आहेत, पोथ्यांत छापलेली आहेत, ज्याला हवी त्यानं वाचावीत. एकशे आठवं मर्म मात्र कुठल्याच पोथीत नाही. गिरनारच्या एका गुहेत बारा वर्षं गुरूंचं पाणी भरलं, तेव्हा ते वस्तादाच्या कानात सांगितलं गेलं. गळ्याखालच्या खळगीत ते असतं. डावा पाय पुढं टाकायचा, श्वास आत घ्यायचा आणि दोन बोटं लावायची. हत्ती खाली बसेल.

वाडीत हत्ती नव्हता. म्हणून माणसांवर भागवावं लागलं.

वस्तादानं विचारलं, या गावात सगळ्यात मान कुणाला? सगळ्यांनी आबाजींकडं पाहिलं. आबाजी वाडीचे पाटील, पासष्टी उलटलेले. त्यांच्या शब्दावर सोयरिकी ठरायच्या आणि भांडणं मिटायची. वस्तादानं त्यांना आदरानं पुढं आणलं. पाय जुळवायला सांगितले, डोळे मिटायला सांगितले, हनुवटी वर करायला सांगितली. मग डावा पाय, श्वास, दोन बोटं, आणि आबाजी मटकन खाली बसले.

पटांगणात एकदम गलका उठला. मग वाडीतलाच दौलतराव पुढं आला. तोही बसला. तिसरा यशवंता.

यशवंता दांडगा गडी, तालमीत दहा वर्षं घालवलेली. त्यानंही पाय जुळवले, डोळे मिटले. गळ्याशी दोन बोटं टेकली. बोटांना तंबाखूचा वास होता. जरासा झोक गेला, पण तो सावरला. दुसरं काहीही झालं नाही. त्यानं डोळे किलकिले केले तेव्हा समोर आबाजी दिसले, धुळीत बसलेले, पागोटं तिरकं झालेलं. आपण उभे राहिलो तर या म्हाताऱ्याची काय शोभा राहिली? शिवाय तालमीतली शिकवण हाडात मुरलेली. वस्तादानं चारचौघांत हात लावला की पठ्ठ्यानं खाली जायचं. त्याच्या हाताखाली ताठ राहणं म्हणजे त्याचा अपमान.

यशवंता पडला. चांगला आडवा पडला. त्याच्यामागं आणखी चौघं पडले.

घरी आल्यावर तव्यावरची भाकरी उलटता उलटता कौशल्याबाईंनी विचारलं, "तुमी खरंच पडला का वो?"

"व्हय," यशवंता म्हणाला. "अंगातून ईज गेल्यावानी झालं."

दुसऱ्या सोमवारपासून त्या बायकांबरोबर विद्या शिकायला जाऊ लागल्या. घरात जाता येता ओसरीच्या खांबाला दोन बोटं मारायच्या. ठक, ठक. नवऱ्यासारखा पैलवान ज्यानं लोळतो, ते आपल्या हातात आलंय, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

आता पुढचं. त्या शनिवारी वाटेवर कौशल्याबाईंच्या मागं शंभर पावलांवर त्यांची धाकटी जाऊ होती, चिमाजीची बायको गोजाबाई. पायात काटा मोडला म्हणून ती मागं राहिली होती. तिनं सगळं पाहिलं. चोरटा चिंचेच्या आडून आला तेव्हा अक्काला पळायला जागा होती. माळ काढून द्यायलाही सवड होती. अक्कानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन बोटं पुढं केली.

दहाव्याला वस्ताद भेटायला आला. हात जोडून बसला, सुस्कारे टाकले, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "विद्या चुकली नाही. बाई चुकली. पाय कुठला पुढं होता, कुणी पाहिला का?"

गोजाबाई डोळे पुसत म्हणाली, "उजवा व्हता. म्या पाह्यला."

"बघा," वस्ताद म्हणाला.

आणि गोजाबाईला ते पटलं. पटल्यानं तिला बरंही वाटलं असावं, कारण चूक सापडली की भीती कमी होते. तिनं चिमाजीला सांगितलं की येत्या शनिवारी मी त्याच वाटेनं बाजाराला जाणार, चोर आला तर डावा पाय टाकणार आणि अक्काचं उट्टं काढणार. दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंता ओसरीवर बसला होता. आतून आवाज आला. ठक, ठक. गोजाबाई खांबाला बोटं मारत होती.

यशवंतानं पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली, सायकल काढली आणि चाकणचा दवाखाना गाठला. कुसुमताईंना त्यानं सगळं सांगितलं. बोटं कशाला पुढं केली होती ते, आणि आपण कसे पडलो तेही. त्यांनी त्याला धीर दिला नाही की दोषही दिला नाही.

"मला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "शनिवारी ज्या बायका त्या वाटेनं जाणार आहेत त्यांना सांगा. आणि एक करा. पडायचं ठरवून आलेल्या माणसावर ही विद्या चालते, हे तुम्ही पाहिलंत. ज्याला पडायचं नाही, त्याच्यावर ती करून दाखवायला सांगा. लोकांच्या देखत."

शुक्रवारी यशवंतानं कामावर खाडा केला. सकाळी देवळापुढं बायकांचा वर्ग भरला होता. आबाजी कट्ट्यावर होते. देवळाच्या जोत्याला रंग द्यायचं काम चाललेलं, गेरूची बादली बाजूला होती. यशवंता सरळ मधे जाऊन उभा राहिला.

"वस्ताद, मला लावा बोटं."

"पाय जुळव. डोळे मीट."

"चोर पाय जुळवून, डोळं मिटून हुबा ऱ्हातो का?"

वस्तादानं बोटं लावली. यशवंता पाय फाकवून उभा होता, तसाच राहिला. वस्तादानं पुन्हा लावली, या खेपेला जोरात. यशवंताला ठसका लागला, पण तो हलला नाही.

वस्ताद बायकांकडं वळला. "शोक. शोकात मर्म झाकलं जातं, रक्त गार पडतं. अशा माणसावर विद्या चालत नाही. हे मी आधीच सांगणार होतो."

"चोराच्या घरात कुणी मेलं असलं तर?" यशवंता म्हणाला. "बायांनी आधी इचारायचं का त्याला?"

कुणीतरी हसलं.

"तुझी श्रद्धा नाही."

"चोराची असती का?"

मग यशवंता बायकांकडं वळला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. "त्या दिवशी मला कायबी झालं न्हवतं. मी आपनहून पडलो. आबा बसलं म्हनून पडलो. घरी तिनं मला इचारलं, खरंच पडला का? मी व्हय म्हनलो. तिनं या मानसावर इस्वास ठिवला न्हवता. माज्यावर ठिवला व्हता."

आबाजी कट्ट्यावरून काठी टेकत उठले.

"माजा गुडघा अधू हाय, यशवंता," ते म्हणाले. "डोळं मिटून, पाय जुळवून, मान वर करून हुबा ऱ्हायलो. ह्यानं बोटं लावली तवा मागं रेटलं. झोक गेला अन् गुडघा बसला. उठून सांगनार व्हतो. तवर दौलत पडला, तू पडलास, समदीच पडली. मला वाटलं, इद्याच असंल. सहा मानसं खोटी कशी पडतील?"

सगळी विद्या एवढीच होती. डोळे मिटून, पाय जुळवून, हनुवटी वर केलेला कोणीही माणूस दोन बोटांच्या रेट्यानं मागं झोकांडतो, मग म्हाताऱ्याचं काय सांगावं. आबाजी गुडघ्यानं बसले, बाकीचे आबाजींची लाज राखायला पडले, आणि बाकीचे पडले म्हणून आबाजींना वाटलं की आपणही विद्येनंच पडलो. गावात सगळ्यात मान कुणाला, हे वस्ताद पहिल्यांदा का विचारतो, ते आता पोरासोरांनाही कळलं.

गोजाबाईला मात्र कळून घ्यायचं नव्हतं. ती पुढं आली. "पर अक्काचा उजवा पाय व्हता. वस्तादांचा डावा आसंल तर?"

यशवंतानं कुंपणातली हातभर काठी मोडली, गेरूच्या बादलीत बुडवली आणि तिच्या हातात दिली. "तू चोर हो. ही काठी कोयता समज. वस्ताद डावा पाय टाकतील."

वस्ताद म्हणू लागला की विद्या हा पोरखेळ नाही, स्त्रीवर हात टाकणं गुरूंना मान्य नाही, वार आज शुक्रवार आहे. पण साऱ्या बायका आता त्याच्या पायांकडंच बघत होत्या. त्यानं डावा पाय टाकला. त्याची बोटं वर येईपर्यंत गोजाबाईची काठी त्याच्या मनगटावर बसली होती. मग खांद्यावर. मग मानेवर, मग पुन्हा मानेवर. पांढऱ्या सदऱ्यावर आणि मानेवर गेरूचे चार लाल पट्टे उठले.

"थांब, थांब," वस्ताद मागं सरत म्हणाला. "मी तयार नव्हतो."

"अक्का तरी कुटं तयार व्हती?" गोजाबाई म्हणाली. तिनं स्वतःच्या हातातल्या काठीकडं पाहिलं, वस्तादाच्या मानेवरच्या लाल पट्ट्याकडं पाहिलं, आणि खाली बसून रडायला लागली.

यशवंता तिच्याशेजारी उकिडवा बसला. "गोजा, एक सांग. अक्का पडल्यावर तू काय केलंस?"

"काय करनार भावजी? बोटंबी उचलली न्हाईत म्या. नुसती बोंबलले."

"अन् तो?"

"पळाला. पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, मानसं धावली, तसा पळाला. माळबी टाकून गेला."

ती इतके दिवस या बोंबलण्याची लाज धरून बसली होती, कारण वस्तादानं तिला भेकड म्हटलं होतं. आणि चोर पळाला होता तो त्या ओरडण्यानंच.

दुसऱ्या दिवशी खांडेवाडीच्या अकरा बायका एका घोळक्यानं बाजाराला गेल्या, दागिने घरी ठेवून, आबाजींच्या बैलगाडीमागून. चोर भेटला तर मागेल ते टाकायचं, ओरडायचं आणि पळायचं, असं ठरलं. कारखान्यातल्या माणसांनी आळीपाळीनं शनिवारची सुट्टी घ्यायला सुरुवात केली. यात कसलीच जादू नाही. म्हणून हे काम कुणी देवळापुढं करून दाखवत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. लढायची विद्या जरूर शिका, लेकीबाळींनाही शिकवा. तालीम करा, काठी फिरवा, अंगात बळ आणा. पण कुणी हात लावताच माणसं पडताना दिसली, तर आधी हे पाहा की त्यांना उभं राहण्याची मुभा होती का. ज्याला पडायचं नाही, ज्याचे डोळे उघडे आहेत, जो आपल्याला गुरू मानत नाही, त्याच्यावर ती विद्या आधी चालली पाहिजे. नाही चालली, तर शिकणाऱ्याचा पाय तपासत बसू नका. विद्या तपासा. आणि आपण स्वतः भिडेखातर पडला असाल, तर त्याच दिवशी घरी येऊन खरं सांगा.

चोर अजून सापडलेला नाही. वस्ताद त्याच शुक्रवारी दुपारी बोचकं घेऊन निघून गेला. चऱ्होलीला त्याचा नवा वर्ग भरतो, तिथंही पहिल्या दिवशी गावचे पाटील पडले, असं यशवंताला मागच्या आठवड्यात कळलं. तिथं जाऊन अजून कुणी काही सांगितलेलं नाही.