दिव्याकडं बघ, स्क्रीनकडं नाय

“सगळं पुसून टाकशील न् मंग हळदीला काय, डबे वाजवू?” सूरज प्रियांकावर खेकसला.

मित्रांनो, भांडण माझ्यावरून चाललेलं. मी म्हसा गावातला एक जुना पेनड्राइव्ह हाय, सोळा जीबीचा. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाय. जत्रेत सूरजनं मला घेतला. त्याच्या टेम्पोच्या स्पीकरवर चार वर्षं मीच लोकांना नाचवलं. सीझन संपला की पडलो गाडीच्या खणात, सुपारीच्या चुऱ्यात. कोण विचारतो?

आज संध्याकाळी सूरजच्या चुलत बहिणीची, मितालीची हळद. तिची आई, वत्सलाकाकू, लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायची. तिच्या गाण्याशिवाय गावातला एक मांडव सुरू होत नव्हता. माघात ती गेली. तिचे धवले फक्त सूरजच्या लॅपटॉपात भरलेले, आणि तो लॅपटॉप सकाळपासून चालूच होत नाय.

“तुझी गाणी परत मिळतील रे. काकूचा आवाज कुठून आणशील?”

प्रियांका बोलली. ती शेजारची. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स. त्याचीच इमेज, म्हणजे लॅपटॉप चालू करणारी अख्खी सिस्टिम, माझ्यातलं पुसून माझ्यावर लिहायची न् मला लावून मेलेला लॅपटॉप उठवायचा.

सूरजनं मला तिच्या लॅपटॉपात खुपसलं.

कमांडमध्ये एक अक्षर चुकलं तर माझ्याऐवजी तिचीच डिस्क साफ. तिनं तीनदा वाचलं. एसडीए नाय, ती तिची डिस्क. एसडीबी, तो मी. एंटर.

माझ्या पोटातली चार वर्षांची गाणी गेली. राग आला, पण सांगू कुणाला?

स्क्रीनवर आकडा पूर्ण झाला. “झालं!” सूरजनं मला धरलं. टेम्पोत त्याची हीच सवय, गाणं वाजतंय तोवर हिसडा. पण झालं नव्हतं! शेवटचा तुकडा माझ्यात उतरत होता. मला तोंड नाय, बारीकसा दिवा तेवढा. जीव तोडून लुकलुकलो.

“हात काढ! दिवा बघ त्याचा!” प्रियांकानं त्याच्या मनगटावर फटका मारला.

“स्क्रीन बोलते ना झालं!”

“स्क्रीन बोलते. तो नाय बोलला अजून.”

मित्रांनो, आमाला ओढायच्या आधी तेवढा दम धरा. आमचं अर्ध्यात तुटलं की कुणाचं तरी कायमचं जातं.

दिवा थांबला. मला मेलेल्या लॅपटॉपात खुपसलं. स्क्रीन काळी. काळीच. सूरजनं नखं खाल्ली. मंग अक्षरं धावली, काकूचं फोल्डर उघडलं, प्रियांकानं पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

“सूऱ्या, तो पंखा बंद कर आदी, घरघरतोय मेला.”

काकूच ती.

सूरज उठला न् खरंच पंखा बंद करून आला.

मांडवातून हाका चालू झाल्या. लॅपटॉप उचलला, मी त्यालाच लावलेला. मित्रांनो, मला आता काकूच्या धवल्यांबरोबर मांडवात निघायला पाहिजे.