मिंबाची दुपार

मिंबाला कॅरोलायनाच्या भातखाचरांतून आणून व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यावर विकलं, आणि तिची आठ वर्षांची लेक बेना गेली ओढ्यापलीकडच्या मळ्यावर, तीन मैलांवर. निदान लांब तरी नाही गेली, एवढंच काय ते नशीब.

भातखाचरात रीत सरळ होती. सकाळी जमिनीचा एक तुकडा नेमून द्यायचे. तो निंदून झाला की उरलेला दिवस आपला. गुलामीच ती, पण दुपार स्वतःची. मिंबानं मनाशी पक्कं केलं, इथंही भराभर हात चालवायचा आणि दुपारी लेकीकडे पळायचं. कुणाला विचारावं असं तिला सुचलंच नाही. आणि विचारायचं काय त्यात? जन्म जिथं गेला तिथली रीत सगळीकडे असणार, असंच माणूस धरून चालतं.

पहिल्याच दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत तिच्या सहा ओळी निंदून लख्ख. बाकीच्यांच्या जेमतेम तीन. कुदळ खांद्यावर टाकून ती बांधाकडे निघाली.

"कुठं निघाली स्वारी?" मुकादम टर्पिननं घोड्यावरूनच विचारलं.

"काम झालं, मालक. लेकीला बघून येते."

टर्पिन पोट धरून हसला. "इथं काम दिवस बुडाल्यावर संपतं, बाई. पण हात झकास आहे तुझा. उद्यापासून तू पुढं. बाकीच्यांनी तुझ्या बरोबरीनं यायचं."

शेजारच्या ओळीत सुकी मावशीनं कपाळावर हात मारला. मिंबा राहत होती ती हिच्याच खोपटात. साठीची बाई, गुडघे पार कामातून गेलेले.

"काय केलंस गं हे, भवाने," ती पुटपुटली. "इतकी वर्षं आम्ही सगळे जपून हळू चालत आलो. आता त्याला कळलं ना, किती होतं ते."

दुसऱ्या दिवशी मावशी मागं पडली आणि तिच्या पाठीवर चाबूक बसले. तिसऱ्या दिवशी मिंबानं मुद्दाम हात आखडला. टर्पिननं कुणाला मारलं नाही. जवळ येऊन नुसता म्हणाला, "काल बारा ओळी झाल्या. आज कमी भरल्या तर रविवारची सुट्टी बंद. सगळ्यांची."

बेनाला भेटायला उरला होता तो रविवारच. मिंबाला रडूही येईना. संताप आला तो स्वतःच्याच हातांचा.

"मावशी, काय करू?"

"मला विचारू नकोस," सुकी मान वर न करता म्हणाली. "माझी पाठ फुटली तरी तू हात चालव, हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

मिंबानं कुदळ उचलली आणि भराभर हाणायला लागली. मागं मावशीच्या ओळीत चाबूक वाजला. तिनं वळून बघितलं नाही. पुढची ओळ धरली.