दोन्ही वकील हो म्हणेपर्यंत

मित्रांनो, बेसमेंटमधल्या कोटांच्या रॅकखाली ती काळी पेटी दिसतेय ना? तिच्यात मी राहतं, एक जुनं स्टेनो मशीन! टाइपरायटर म्हणू नका हं, राग येतो मला. माझ्या कळांवर एकही अक्षर नाही. चार-पाच कळा एकदम दाबल्या, की अख्खा शब्द कागदाच्या पट्टीवर उमटतो, तोही गुपचूप.

अमेरिकेत शिकागोजवळच्या कारखान्यात मी जन्मलं आणि मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या शरयूमावशीने मला घरी आणलं. मिनिटाला सव्वादोनशे शब्द लिहिता आल्याशिवाय कोर्ट रिपोर्टरचं, म्हणजे साक्षीतला शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्याचं, सर्टिफिकेट मिळत नाही. मावशी दोनदा नापास झाली. पास झाली, तेव्हा तिने माझ्यापुढे पेढा ठेवला. मी काय खाणार! पण आता साक्षीदाराला शपथ द्यायचा अधिकार तिचा होता. 'हे खरं आणि पूर्ण आहे' अशी तिची सही कोर्ट मानणार होतं.

लवकरच एका वकिलाच्या ऑफिसात त्र्यंबककाकांची साक्ष होती. तिथे खटल्याआधी अशी साक्ष कोर्टाबाहेरच लिहून घेतात. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्यांची बोटं गेली होती. कंपनी म्हणत होती, मशीनची सुरक्षेची जाळी काकांनीच काढली. तसं ठरलं असतं, तर भरपाई बुडाली असती.

मावशीने शपथ दिली. समोर मराठी बाई बघून काकांना इतका धीर आला, की ते थेट मराठीतच सुरू झाले. "ताई, तुम्हीच सांगा हो ह्यांना. मला इंग्लिशमध्ये नीट जमत नाही."

मावशीचे हात थबकले. "मला तो अधिकार नाही, काका. दुभाषा हवा असेल तर तुमच्या वकिलांना सांगा." मग हेच तिने सगळ्यांना इंग्लिशमध्ये सांगितलं.

"आपली असून असं करता?" काका पुटपुटले. मलाही वाईट वाटलं, खरंच!

शेवटी ते तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "जाळी फोरमनने काढली."

फोरमन कंपनीच्या बाजूने तिथेच बसला होता. तो उसळला. "काढली मी! सगळेच काढतात. नाहीतर माल कसा निघणार?"

"ऑफ द रेकॉर्ड!" कंपनीचे वकील ओरडले. "बाई, हे लिहू नका!"

मावशीची बोटं चालूच. "दोन्ही वकील हो म्हणाले तरच मी थांबते, सर."

"पुन्हा आमचं काम मिळणार नाही तुम्हाला!"

आम्ही तेही लिहिलं!

काकांचे वकील गालात हसले. "मी नाही म्हणतो. चालू ठेवा."

काकांना भरपाई मिळाली. मावशीला त्या ऑफिसाने खरंच परत बोलावलं नाही. काकांनी फोन केला, "ताई, तुम्ही माझी बाजू घेतलीत."

"छे हो! घेतली असती, तर माझ्या सहीला कुणी विचारलं असतं?"

आता कॉम्प्युटरला जोडलेलं नवं मशीन आलंय. मी पेटीत. मावशीची मृणालिनी कधीतरी येऊन "मॉम, सो वीअर्ड!" म्हणत माझ्या कळा बडवते.

मित्रांनो, बडवू नका. वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आणि वर्गात दोन मुली भांडल्या, तर फक्त आपल्या मैत्रिणीचं ऐकून निकाल लावू नका. मावशीने फोरमनचाही शब्द न् शब्द लिहिला, म्हणून तर काका जिंकले!