रांगेबाहेरची भाची

चर्चमधल्या पोरांना बिशपांपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायला तयार करतात, तो दृढीकरणाचा वर्ग मी हाती घेतला तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी एवढंच बजावलं होतं, "नुसतं पाठ करून घेऊ नका, समजावून सांगा." आता म्हणते, पाठांतरच बरं. पाठ केलेलं पोर घडाघडा म्हणून मोकळं होतं. समजलेलं पोर आपल्याच अंगावर येतं.

आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. शनिवारी दुपारी चर्चशेजारच्या सभागृहात ही पोरं. त्यांत एक शंकासुर होता, ज्याला देवाने डास कशाला केले इथपासून सगळं विचारायचं असायचं. दोन जुळ्या होत्या, एकीने उत्तर दिलं की दुसरी खिदळायची. आणि माझी भाची, दादाची मुलगी. वर्गात मला "बाई" म्हणायचं, अहो-जाहो करायचं, असं मीच तिला बजावलं होतं. तेवढंच आमचं भेटणं. दादाच्या घरी मी पाऊल टाकत नव्हते. आई गेली तेव्हापासून वहिनींशी माझा अबोला होता.

कारण सांगते, कोण चुकलं ते तुम्हीच ठरवा. आई दादाकडे असायची. तिच्या शेवटच्या आजारात मी दुकान बंद करून रोज तिकडे जायचे. त्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. "ताई, आज नका येऊ. आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय. उद्या या." मी गेले नाही. संध्याकाळी आई गेली. पोचले तेव्हा तिचे केस अगदी नीट विंचरलेले होते, बारीकशी वेणीही घातलेली. ती वेणी बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. केस विंचरायला यांना वेळ होता, मला फोन करायला नव्हता! त्या दिवशी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

दृढीकरणाच्या आदल्या दिवशी शेवटचा धडा होता, समेटाचा. मी अगदी रंगात आले होते. वेदीपाशी दान घेऊन आलात आणि आठवलं की आपलं एखादं माणूस आपल्यावर नाराज आहे, तर दान तिथेच ठेवायचं. आधी त्या माणसाकडे जायचं, मग परत यायचं.

"आणि देव तोवर थांबतो?" शंकासुराने विचारलं.

"थांबतो."

"बिशपसाहेब पण थांबतील?"

सगळे हसले. भाची हसली नाही. "बाई, उद्या आम्हाला बिशपांपुढे कोण नेणार?"

"मीच. मी उभी राहून सांगणार, यांना शिकवलंय, ही तयार आहेत."

"मग तुम्ही आधी जाऊन आलात का?"

माझं डोकं सणकलं. "हा वर्ग आहे. घरच्या गोष्टी घरी."

"घरी तू येतच नाहीस, आत्या." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "उद्या मला विचारणार, हे सगळं तू मानतेस का. शिकवणारीच मानत नाही, तर मी कशी हो म्हणू? तू आईशी बोलली नाहीस तर मी रांगेत येणार नाही."

मी तडक पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, पोरगी डोक्यावर बसलीय, जरा खडसावा तिला.

"काय म्हणून खडसावू? धडा नीट समजला म्हणून?" ते म्हणाले. "आणि उद्या ती उठली नाही, तर मी ओढून उठवणार नाही."

घरी जाऊन फोन लावला. "वहिनी, झालं गेलं विसरून जाऊ." पलीकडून "बरं" आलं. मीही "बरं" म्हटलं आणि ठेवला. सुटले एकदाची, असं म्हणत चहाचं आधण ठेवलं.

रविवारी सकाळी सभागृहात पोरं पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभी होती. शंकासुराने चक्क भांग पाडला होता. भाची मात्र खिडकीपाशी खुर्चीवर बसून होती, हात मांडीवर घट्ट धरून.

"ऊठ. केलाय मी फोन," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"आई म्हणाली, आत्या बातम्या वाचल्यासारखी बोलली."

"आणि तिने काय केलं? नुसतं 'बरं' म्हणाली!"

"हो. ती पण तुझ्यासारखीच आहे." तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मला खूप यायचंय गं, आत्या. पण खोटं बोलून नाही."

दारातून पाळकसाहेब डोकावले. "बाई, बिशप आले. ऑर्गन वाजला की निघायचं." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि गेले.

ही पोरगी आज राहिली असती तर ती माझ्यामुळे राहिली असती, आणि हे सगळ्या मंडळीला कळलं असतं. पण खरं सांगू? मंडळीची नव्हती, मला त्या मांडीवरच्या हातांची भीती वाटली. विचारलं, "कुठंय तुझी आई?"

"मागे स्वयंपाकघरात."

वहिनी ओट्यावर उपासनेनंतरच्या चहाचे कप मांडत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"पाठवलं वाटतं तिने. बोला काय ते. मला कप लावायचेत."

मी मनाशी "माफ केलं" असं म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "मला का येऊ दिलं नाहीत?"

"थकले होते म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की आई उठून बसायच्या, हसायच्या, बरं असल्याचं सोंग आणायच्या. तुम्ही गेलात की रात्रभर कण्हायच्या. ते कोण बघायचं? मी. त्या दिवशी त्यांना झोप लागली. वाटलं, आपणही जरा पाठ टेकू." हातातला कप तसाच राहिला. "चुकलं माझं. रोज वाटतं, चुकलं. पण तुम्ही विचारलंतच कुठं? नुसतं तोंड फिरवलंत."

चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला.

मी आणखी एकच गोष्ट विचारली. ती मला पहिल्या दिवसापासून विचारायची होती, आणि ज्या एकाच माणसाला ठाऊक होती त्याच्याशीच मी बोलत नव्हते. "शेवटी काही म्हणाली का ती?"

"जाग आल्यावर म्हणाल्या, ती आली का? मी म्हटलं, निघालीय, येतेच आहे. खोटं बोलले. तर म्हणाल्या, मग माझे केस विंचर, अशा अवतारात नको बघायला तिने." वहिनींनी कप खाली ठेवला. "वेणीला गाठ मारली आणि बघते तर..."

मी ओट्याला धरून रडले. अगदी लहान पोरासारखी, आवाज करून. ती वेणी माझ्यासाठी होती, आणि त्याच वेणीवरच्या रागात मी इतके दिवस काढले होते.

"ताई, थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. "अशा जाऊ नका बिशपांपुढे. केस बघा किती विस्कटलेत." त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळावरच्या बटा मागे सारायला लागल्या. मी मान खाली घालून उभी राहिले.

दारात काहीतरी हललं म्हणून पाहिलं. भाची उभी होती. कधीपासून, देव जाणे. ती वळली, आणि धावत जाऊन रांगेत उभी राहिली.