खुंटाचे फुटवे

कोको संशोधन केंद्रात त्याला सगळे स्पिरिटकाका म्हणत. पिण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, हे नव्या माणसाला आधीच सांगावं लागे. कोकोचं एक कलम बांधून झालं की चाकू स्पिरिटात बुडवायचा, फडक्यानं पुसायचा, मगच दुसऱ्या रोपाला लावायचा. तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. हा माणूस डब्यातलं सफरचंदसुद्धा स्पिरिट लावून कापतो, असं ऑफिसातले लोक म्हणत. आणि खरं सांगायचं तर एकदा त्यानं कापलंही होतं.

त्या संशोधन केंद्राची सगळी आशा एका झाडावर होती, सतरा नंबरवर. फांद्या सुजवणाऱ्या रोगानं जुनी अख्खी ओळ वाळली, तेव्हा मधोमध हे एकटंच हिरवंगार उभं राहिलं. रोगाला भीक न घालणारं झाड! मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी त्याच्यापायी अकरा वर्षं घातली. बियांची साधी रोपं वाढवायची आणि त्यांच्या खुंटावर सतराची काडी बांधायची. मूळ कुणाचं का असेना, वरचं झाड सतराचं. काड्या बाईंनी निवडायच्या, कलमं काकानं बांधायची, अशी वाटणी होती. शिवाय रोज सकाळी काका रोपवाटिकेत फिरायचा आणि कलमाच्या खाली खुंटाला फुटवा दिसला की अंगठ्यानं उडवायचा. खुंटाचा फुटवा माजला तर वरच्या काडीला उपाशी मारतो, हे शेंबडं पोरही सांगेल. काकाच्या रोपवाटिकेत दोन पानांचा फुटवा कुणी पाहिला नव्हता.

केंद्राबाहेर पहिली तीनशे कलमं बांधली ती काकाच्या लेकीच्या बागेत. बाईंना चाचणीसाठी बाग हवी होती आणि काकानंच लेकीचं नाव पुढे केलं. जावई बिचकत होता. जुनी झाडं म्हातारी होती खरी, पण अजून फळत होती. "बाबा सांगतायत ना, मग झालं तर," असं म्हणून लेकीनं ती तोडायला लावली. काकानं तीन दिवस राबून, रोज दोन अशा, सहा ओळी स्वतःच्या हातानं बांधल्या.

तीन वर्षांनी लेक पिशवीत पानं घेऊन केंद्रात आली.

"बाबा, हे बघा बरं जरा."

काकानं पानं उन्हात धरली. कोवळ्या पानांच्या शिरा लाल झाल्या होत्या आणि काडी मध्येच बोटाच्या पेरासारखी सुजली होती. तोच फांद्या सुजवणारा रोग.

"किती झाडांना आहे?"

"दोनच ओळींना. खालच्या फुटव्यांवर. बाकीच्या चार ओळी अगदी छान आहेत."

"खालचे फुटवे ठेवलेतच कसे?" काका कडाडला. "हजारदा सांगितलं होतं!"

"यांचा पाय मोडला होता ना, बाबा. त्या दोन ओळी राहून गेल्या."

संतापाच्या भरात काकानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. दोन ओळी, म्हणजे पहिल्या दिवसाचं काम. बिघडलं ते पहिल्याच दिवशी बिघडलं असेल, तर उरलेल्या चार वाचतील. दुपारी तो बाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, चूक माझी आहे. पहिल्या दिवशी स्पिरिट संपलं होतं. चाकू तसाच फिरवला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही? स्पिरिटाशिवाय?"

"हो. म्हातारा झालो आता."

चाकूनं हा रोग सहजासहजी पसरत नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांनाही ते खोटं हवंसं वाटलं. तरी त्यांनी सहाही ओळींची पानं तपासायला मागवली, आणि सतराचीही.

"सतराची कशाला?"

"अहवालात लागतात, काका."

नऊ दिवस केंद्रात काकाची टिंगल झाली. स्पिरिटकाकाचं स्पिरिट उडालं, म्हणत सगळे हसले. काकानं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मनातून त्याला बरंच वाटलं. माणूस अब्रू घालवून इतका खुश झालेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

दहाव्या दिवशी बाईंनी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"काका, तुमचा चाकू स्वच्छच होता."

त्याला बसावंसं वाटलं, पण जवळ स्टूल नव्हतं.

"सहाही ओळींत रोग आहे. आणि सतरामध्येही."

"सतरा तर हिरवंगार आहे, बाई!"

"त्याच्या अंगात पहिल्यापासून आहे. ते पचवतं, दाखवत नाही. आपण त्याला निरोगी समजलो. आपण बांधलेल्या प्रत्येक काडीतून रोग खाली खुंटात उतरला. वरची पानं सतराची, त्यांच्यावर तो दिसणारच नव्हता. दिसला असता तो फक्त..."

"खुंटाच्या फुटव्यावर," काका म्हणाला.

त्यानं उजव्या हाताचा अंगठा पाहिला. नखाखाली कायमची हिरवट रेघ होती. रोग दर वर्षी सांगत होता, मी इथे आहे म्हणून, आणि काका दर सकाळी त्याचं तोंड दाबत होता. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून.

"फुटवे मोडा हे मीच लिहून दिलं होतं," बाई म्हणाल्या. "चार जरी राहू दिले असते ना, काका..." सतरा, रोपवाटिका, लेकीची बाग, सगळं तोडून जाळायचं होतं. रोग सापडला की सगळं जाळायचं, हा नियमही त्यांनीच केलेला होता.

काका संध्याकाळच्या आत लेकीकडे पोचला. ती फाटकातच उभी होती. त्याचा चेहरा न बघताच तिनं त्याला हाताला धरून त्या चार ओळींत नेलं.

"तुम्ही ओरडलात ना, तेव्हापासून मी स्वतः फिरते रोज. एक फुटवा ठेवला नाही. बघा तरी!"

ओळी खरंच काकाच्या रोपवाटिकेइतक्या नीटस होत्या. लेक शिकली होती, बापासारखीच. शेवटच्या झाडापाशी, कलमाच्या गाठीखाली, एक लालसर कोंब नुकता वर आला होता. काका वाकला. अंगठा सवयीनं पुढे गेला आणि कोंबावर टेकून थांबला.

"हा बरा सुटला माझ्या नजरेतून," लेक हसली. "मोडा ना, बाबा."

काकानं हात मागे घेतला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "आता वाढू दे त्याला."

"असं काय करता? वरचं झाड मरेल ना!"

काका तसाच वाकून राहिला. लेकीकडे बघायचं त्याला धाडस होईना.